कव्हर गेलेला गेमिंगचा जुना अंक कसा वाचायचा?

कोल्हापुरात शुक्रवार पेठेतल्या जुन्या घराचा माळा आवरताना थोरल्या भावाचा इंग्रजी गेमिंग मासिकाचा एक अंक सापडला, असं तुम्ही लिहिलंय. कव्हर नाही, सुरुवातीची काही पानं नाहीत, शेवटची चार-सहा पानं एकमेकांना चिकटलेली, आणि कागदी पाकिटात एक सीडी. दादा आता पुण्यात असतात, त्यांच्या चाळिशीला या अंकावर काहीतरी लिहून द्यायचं तुमच्या मनात आहे. पण वाचायला बसलात तर जागोजागी चुकाच दिसतात. 'हाफ-लाइफ 2' 30 सप्टेंबरला येणार असं छापलंय आणि गेम आला 2004 च्या नोव्हेंबरात. 'व्हाइस सिटी' या गेमच्या ग्राफिक्सचं एवढं कौतुक का केलंय ते आज कळत नाही. म्हणून तुम्ही विचारताय की हा अंक नेमका कधीचा, त्याला काही किंमत आहे का, आणि इतकं चुकलेलं असताना त्यावर लिहायचं तरी काय.

माझं काम बाइंडिंगचं आणि जुनी नियतकालिकं स्कॅन करून देण्याचं. राजारामपुरीतल्या माझ्या टेबलावर दिवाळी अंक, कुलवृत्तांत, शाळांच्या स्मरणिका असं सगळं येतं, पण संगणक आणि गेमिंगची मासिकं मी स्वतःहून गोळा करते, कारण ती कुणी ठेवतच नाही. इथलं ग्रंथालय, करवीर नगर वाचन मंदिर, 1850 सालचं आहे. छापलेलं जपायची सवय या गावाला जुनी. गेमिंगची मासिकं मात्र स्टँडवरच्या स्टॉलवरून थेट पोरांच्या खोलीत गेली आणि पोरं शिकायला बाहेर पडली की रद्दीत. तुमचा अंक माळ्यावर टिकला हेच मोठं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात, पण तिन्हींच्या मुळाशी अडचण एकच आहे. पुढे काय झालं हे तुम्हाला माहीत आहे, आणि ते मनात ठेवून तुम्ही अंक तपासताय. शाहू स्टेडियमवरच्या फुटबॉल फायनलचा निकाल कळल्यावर आदल्या दिवशीचा पेपर उघडला, तर त्यातला प्रत्येक अंदाज एक तर उगाच वाटतो नाही तर चुकीचा. पण आदल्या दिवशी पेठेत काय वातावरण होतं, हे त्या पेपरात जितकं सापडेल तितकं निकालाच्या बातमीत सापडणार नाही. तुमच्या अंकाचंही तसंच. 2003 साली एका मुलाला पुढचं काय दिसत होतं, ते त्यात आहे.

काही गोष्टी अंक हातात घेतल्याशिवाय सांगता येत नाहीत, ते आधीच सांगते. मासिक भारतातलं की बाहेरून आलेलं, पानं नुसती दमट झाली होती की पाण्यात भिजली होती, सीडी याच अंकाची आहे की दुसऱ्याच अंकाची या पाकिटात गेली, आणि दादांना त्यातलं किती आठवतं, यावर बरंच अवलंबून आहे. तुमच्या मजकुरावरून जेवढं कळतं तेवढ्यावर बोलते.

आधी तारीख. कव्हर नसलं तरी तुम्ही स्वतःच सगळ्यात चांगला पुरावा दिलाय. व्हॉल्व्ह कंपनीने 'हाफ-लाइफ 2' पहिल्यांदा मे 2003 मध्ये लॉस एंजेलिसच्या ई3 प्रदर्शनात दाखवला आणि 30 सप्टेंबर 2003 ही तारीख दिली. सप्टेंबर संपता संपता ती तारीख पुढे ढकलली गेली. ऑक्टोबरच्या सुरुवातीला गेमचा सोर्स कोड, म्हणजे ज्यातून गेम बनतो तो मूळ प्रोग्राम, चोरीला जाऊन इंटरनेटवर पसरल्याचं कंपनीने मान्य केलं, आणि गेम प्रत्यक्षात विक्रीला आला 16 नोव्हेंबर 2004 ला. म्हणजे तुमच्या अंकातला तो मजकूर मे 2003 च्या आधी लिहिला जाणं शक्य नाही, आणि ऑक्टोबर 2003 नंतर कुणी शहाणा संपादक तो तसाच छापणार नाही. ज्या ओळीमुळे तुम्हाला अंक खोटा वाटला, त्याच ओळीने तो पाच महिन्यांच्या चौकटीत बसवून दिला.

आता 'व्हाइस सिटी'चं परीक्षण बघा. हा गेम प्लेस्टेशन 2 वर ऑक्टोबर 2002 मध्ये आला आणि पीसीवर मे 2003 मध्ये. परीक्षणाच्या कडेला चौकटीत किमान 800 मेगाहर्ट्झचा पेंटियम 3, 128 एमबी रॅम, 32 एमबीचं ग्राफिक्स कार्ड असलं काही छापलेलं असेल तर ते पीसीचं परीक्षण. मग अंक जून ते ऑगस्टमधला असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. मासिकाचा मजकूर छपाईच्या तीन-चार आठवडे आधी बंद होतो, त्यामुळे मेमध्ये आलेल्या गेमचं परीक्षण मेच्याच अंकात सहसा सापडत नाही.

त्याहून नेमकं हवं असेल तर मोठे लेख सोडा आणि बारीक अक्षरं वाचा. स्पर्धेच्या कूपनावर प्रवेशिका पोचण्याची शेवटची तारीख असते. वर्गणीच्या जाहिरातीत 'ही सवलत अमुक तारखेपर्यंत' असतं. मासिक भारतातलं असेल तर मुद्रक, प्रकाशक आणि छपाईचं ठिकाण सांगणारी प्रिंटलाइन कुठेतरी असणारच, कारण 1867 च्या कायद्यानुसार ती छापणं बंधनकारक होतं. ती बहुतेकदा अनुक्रमणिकेच्या पानावर असते आणि तेच पान तुमच्याकडे नाही, पण काहीजण ती शेवटच्या पानाच्या तळाशी छापत. तुमची चिकटलेली पानं नेमकी तिथलीच आहेत, त्यामुळे घाई करू नका. त्यांच्याकडे खाली येते. दुसऱ्या कुठल्या भारतीय अंकाची तारीख शोधायची वेळ आली तर 'फॉर्म 4' नावाचं मालकीचं निवेदन शोधा. ते फेब्रुवारी संपल्यानंतरच्या पहिल्या अंकात छापावं लागे, म्हणजे मासिक असेल तर मार्चचा अंक.

बाइंडिंगवाली म्हणून आणखी एक सांगते. अंकाच्या मधोमध दोन पिना असतील तर तो सेंटर पिनचा अंक. त्यात पुढचं पान आणि मागचं पान एकाच कागदाचे दोन भाग असतात. पुढची चार पानं गेली असतील तर त्यांची मागची जोडीदार पानं सुटी झालेली असणार किंवा तीही गेलेली असणार. पाठ चौकोनी आणि गोंदाने चिकटवलेली असेल तर तो परफेक्ट बाइंडिंगचा. त्यात पुढची पानं एकटीच गळतात, कारण गोंद वाळून कडक झाला की तडकतो. हे बघितलंत की आपल्याकडे काय नाही याचा बऱ्यापैकी अंदाज येतो आणि लिहिताना 'यात अमुक नव्हतंच' असं चुकून म्हटलं जात नाही.

आता चुकांचं. त्या सगळ्या एका जातीच्या नसतात, आणि जुना अंक वाचण्यातलं खरं कसब त्या वेगळ्या करण्यात आहे.

'हाफ-लाइफ 2'ची तारीख हा कंपनीचा शब्द होता, मासिकाने तो पोचवला. असे शब्द त्या काळात सर्रास दिले जात. 'ड्यूक न्यूकेम फॉरएव्हर'ची घोषणा झाली 1997 मध्ये, त्याच वर्षी तो अमेरिकेतल्या 'पीसी गेमर'च्या कव्हरवर आला, आणि गेम दुकानात पोचला 2011 मध्ये. मधल्या चौदा वर्षांत वाट पाहणारी पोरं मोठी होऊन नोकरीला लागली. अशा ठिकाणी मासिक चुकलं असं लिहिण्यापेक्षा कंपनीने काय सांगितलं आणि संपादकाने ते किती खात्रीने छापलं, ते बघा. 'येणार आहे' आणि 'येईल असं कंपनी म्हणते' यात फरक असतो, आणि काही संपादक तो फरक फार काटेकोरपणे जपत. तुमच्या अंकाने कुठली वाक्यरचना वापरली ते शोधा. त्यावरून मासिकाचा स्वभाव कळतो.

दुसरी जात मुद्दाम केलेल्या थापेची. अमेरिकेतल्या 'इलेक्ट्रॉनिक गेमिंग मंथली'ने एप्रिल 1992 च्या अंकात 'स्ट्रीट फायटर 2'मध्ये शेंग लाँग नावाचा गुप्त लढवय्या आहे असं छापलं आणि तो गाठण्याची अशी एक रीत दिली, जी प्रत्यक्षात जमणं जवळजवळ अशक्य. तो एप्रिल फूल होता. खुलासा आला त्याच वर्षीच्या डिसेंबरच्या अंकात, आणि तोपर्यंत लोकांनी आर्केडमध्ये पैसे ओतले होते. यातली लक्षात ठेवायची गोष्ट अशी की नुसता एप्रिलचा अंक हाती लागला तर ती थाप खरीच वाटते. म्हणून एका सुट्या अंकावर लिहिताना 'पुढच्या अंकात याचा खुलासा आला असू शकतो' ही जाणीव हवी. वाचकांच्या पत्रांचं पान त्यासाठी उपयोगी पडतं. तिथे मागच्या अंकातल्या चुकांवर वाचक बोट ठेवतात आणि संपादक उत्तर देतात, त्यामुळे हातात नसलेल्या अंकाचीही थोडी माहिती मिळते.

तिसरी जात फोटोंची. गेम बाजारात येण्याआधी छापलेली बहुतेक चित्रं कंपनीने पाठवलेली असत, कुणा खेळणाऱ्याच्या मशीनवरची नसत. 2003 च्या ई3 मध्ये 'हाफ-लाइफ 2'ची जी प्रात्यक्षिकं दाखवली, त्यातले काही प्रसंग अंतिम गेममध्ये तसे आलेच नाहीत. तुमच्या अंकात ती चित्रं असतील तर ती न झालेल्या गेमची चित्रं आहेत, आणि मला विचाराल तर अंकातली सगळ्यात मोलाची पानं तीच. गेम आजही विकत घेऊन खेळता येतो, पण त्या उन्हाळ्यात लोकांनी मनात जो गेम रंगवला होता तो फक्त अशा छापील पानांवर उरलाय.

परीक्षणातल्या गुणांबद्दल माझं मत स्पष्ट आहे: आकडा शेवटी वाचा. प्रत्येक मासिकाची मोजपट्टी वेगळी. जपानचं 'फामित्सू' 1986 मध्ये सुरू झालं. तिथे चार परीक्षक प्रत्येकी 10 पैकी गुण देत आणि एकूण 40 पैकी आकडा छापत. पूर्ण 40 मिळवणारा पहिला गेम आला 1998 मध्ये, 'द लेजेंड ऑफ झेल्डा: ओकारिना ऑफ टाइम'. ब्रिटिश मासिकांना टक्क्यांची आवड. बऱ्याच ठिकाणी 70 च्या खालचा भाग जवळजवळ वापरलाच जात नसे, त्यामुळे 72 टक्के म्हणजे परीक्षकाला गेम फारसा आवडलेला नाही. तुमच्या अंकातले सगळे गुण एका कागदावर उतरवा, सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा बघा. मग 'व्हाइस सिटी'चा आकडा त्या दोन टोकांमध्ये कुठे बसतो ते बघा. आजच्या एखाद्या साइटवरच्या आकड्याशी तुलना करण्यात अर्थ नाही.

कौतुकाचे शब्द मात्र नीट वाचा. ग्राफिक्सचं कौतुक आज कळत नाही असं तुम्ही म्हणता, कारण तुम्ही ते चित्र आजच्या स्क्रीनशेजारी ठेवून बघताय. परीक्षकाच्या शेजारी याच मालिकेतली त्या आधीची 'जीटीए 3' होती आणि समोर काचेचा जाडजूड मॉनिटर. त्याने नेमकं कशाचं नाव घेतलंय ते शोधा: संध्याकाळचा उजेड, पावसाने ओला झालेला रस्ता, गाडीतला रेडिओ, मोटारसायकल. 'जीटीए 3'मध्ये मोटारसायकल नव्हती, 'व्हाइस सिटी'त ती आली. कोल्हापुरातल्या पोरांनी त्या गेममध्ये गाड्या सोडून बाइकच का पळवल्या, हे दादांना विचारा. त्यांच्याकडे मोठं उत्तर असेल.

यानंतर येतो माझ्या मते तुमच्या लेखाचा गाभा. परीक्षणाच्या कडेची ती छोटी चौकट, म्हणजे गेम चालायला काय लागतं त्याची यादी, आणि तेव्हा तुमच्या घरात कुठलं मशीन होतं, ही दोन्ही शेजारी मांडा. त्या काळात घरातला पीसी बहुधा 'शिक्षणासाठी' घेतलेला असे, ऑनबोर्ड ग्राफिक्सचा, म्हणजे वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेला, आणि 32 एमबीचं वेगळं कार्ड मागायचं म्हणजे घरात आठवडाभर वाद. मग त्या अंकातले निम्मे गेम दादांनी फक्त वाचले असण्याची दाट शक्यता आहे. न खेळता आलेल्या गेमचं परीक्षण चार-चार वेळा वाचणं, चित्रांवरून पुढचं रचणं, सायबर कॅफेतल्या चांगल्या मशीनवर तासभर मिळाला तर काय काय करायचं ते आधी ठरवून ठेवणं, हेही खेळणंच होतं. गेमिंग मासिकाचा उपयोग गेम निवडण्यासाठी होता असं सगळे धरून चालतात. गावाकडच्या वाचकांसाठी तो गेमच्या जागी वाचायचा मजकूर होता, आणि माझ्या हातातून गेलेले अंक बघून माझी ही खात्री पटत गेलीय.

त्याची एक खूण सांगते. शाहूपुरीतल्या एका घरातून आलेला अंक मी स्कॅन करत होते. परीक्षणाची पानं स्वच्छ होती, चीट कोडचं, म्हणजे गेममध्ये टाइप केले की आयती मदत मिळते अशा शब्दांचं, पान मात्र खालच्या कोपऱ्यात अंगठ्याने काळं पडलेलं. प्रत्येक कोडपुढे निळ्या बॉलपेनची बारीक खूण: काहींना बरोबर, काहींना फुली. रणगाडा आणून देणाऱ्या 'पँझर'ला दोनदा बरोबर. पोलिसांचा ससेमिरा कमी करणाऱ्या 'लीव्ह मी अलोन'मधलं एक अक्षर छपाईत चुकलं होतं. ते खोडून वर नीट अक्षर लिहिलेलं. खाली समासात कॅफेतल्या तासांचा हिशेब मांडलेला. म्हणजे कुणीतरी छापील कोड एकेक करून मशीनवर टाइप करून बघितला, न चालणारा शोधला, चुकीचं अक्षर हुडकलं आणि दुरुस्त करून ठेवलं. ते पान मी जाणीवपूर्वक जास्त रेझोल्यूशनला स्कॅन केलं, पेनच्या खुणांसकट. तुमच्या अंकातही असलं काही असेल. उजेड बाजूने पाडून बघा, पेन्सिलच्या पुसट रेघाही दिसतात. खोडरबर मात्र लावू नका.

जाहिरातीही सोडू नका. ग्रंथालयासाठी वर्षाचे अंक एकत्र बांधताना कव्हर आणि जाहिरातींची पानं काढून टाकायची पद्धत आपल्याकडे खूप ठिकाणी होती, त्यामुळे जुन्या नियतकालिकांतला तोच भाग सगळ्यात दुर्मीळ झालाय. कुठलं ग्राफिक्स कार्ड कोणत्या किमतीला, कुठल्या शहरात विक्रेता होता, मॉनिटर किती इंची, हे लेखांत क्वचित येतं, जाहिरातीत हमखास येतं. विक्रेत्यांच्या यादीत कोल्हापूर आहे का, की सगळ्यात जवळचं पुणेच, एवढं बघितलंत तरी लेखाला एक परिच्छेद मिळेल.

आता सीडी. 1981 च्या नोव्हेंबरात ब्रिटनमध्ये 'कम्प्युटर अँड व्हिडिओ गेम्स' सुरू झालं तेव्हा मासिकं गेमचा प्रोग्रामच पानावर छापत, वाचक तो ओळीनं ओळ टाइप करून चालवत. पुढे कव्हरवर कॅसेट आली, मग सीडी. आपल्याकडे 2003 मध्ये सीडीचं महत्त्व किती होतं ते हिशेबानेच कळतं: 650 एमबीची सीडी 56 केबीपीएसच्या मोडेमवर, लाइन एकदाही न तुटता पूर्ण वेग मिळाला तरी, उतरवायला 25 तासांहून जास्त लागतील, आणि तोवर घरचा फोन बंद. अंकाचे पैसे पुष्कळांनी सीडीसाठीच मोजले.

ती पुन्हा पुन्हा ड्राइव्हमध्ये घालून बघू नका. आधी उजेडाकडे धरून छापील बाजू तपासा. सीडीची चकाकणारी परत छापील बाजूच्या अगदी खाली असते, त्यामुळे खालच्या बाजूच्या ओरखड्यापेक्षा वरच्या बाजूचा ओरखडा जास्त घातक. उजेड आरपार दिसणारे ठिपके असतील तर परत उडायला लागलीय. मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल नको. मग एकाच बैठकीत तिची आयएसओ इमेज, म्हणजे अख्ख्या सीडीची एका फायलीतली हुबेहूब कॉपी, करून घ्या आणि पुढचं सगळं त्या कॉपीवर करा. त्या इमेजमध्ये डिस्क तयार केल्याची तारीखही नोंदलेली असते. अंकाच्या तारखेशी ती जुळली तर सीडी याच अंकाची असं बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येतं. ज्या मशीनवर डिस्क बनवली त्याचं घड्याळ चुकीचं असेल तर गोष्ट वेगळी, म्हणून आतल्या फायलींच्या तारखाही बघा. जुने डेमो आजच्या विंडोजवर चालले नाहीत तरी निराश होऊ नका. आतले व्हिडिओ, पॅच आणि संपादकांनी लिहिलेल्या मजकुराच्या फायली बहुतेक वेळा उघडतात.

चिकटलेली पानं. गेमिंग मासिकांचा कागद आर्ट पेपर असतो, चकचकीत, वर मातीसारख्या पांढऱ्या लेपाची परत. ओला झाला की तो लेप गोंदासारखा मऊ होतो, आणि पानं तशीच दाबात वाळली की दोन लेप एक होतात. 2019 च्या पुरानंतर सुतारवाडा, व्हीनस कॉर्नर, कुंभार गल्लीकडून जे गठ्ठे आले त्यात साधी पुस्तकं बरीच वाचली, आर्ट पेपरची फारच थोडी. भिजलेलं असतानाच आणलं तर मार्ग असतो: पिशवीत गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवायचं, म्हणजे बुरशी थांबते आणि पानं चिकटत नाहीत, मग थोडं थोडं सोडवून प्रत्येक पानात टिपकागद घालून वाळवायचं. पण तुमची पानं वाळून चिकटलीत. ती घरी जोर लावून सोडवू नका. वाफ देऊ नका, सुरी घालू नका. पातळ, बोथट हाडी पट्टीने कडेपासून जेवढं आपोआप सुटतं तेवढंच सुटू द्या. कागदातून 'चर्र' असा आवाज आला की थांबा, कारण शाई एका पानावरून दुसऱ्या पानावर निघतेय. माळ्यावर नुसता दमटपणा लागला असेल तर कडा चिकटलेल्या असतात आणि मधला भाग मोकळा निघतो, आणि शुक्रवार पेठेत माळ्यापर्यंत पाणी गेलं नसेल तर तुमचं तसंच असण्याची आशा आहे.

सेलोटेप लावायचा नाही, लॅमिनेशन तर अजिबात नाही. पिना गंजल्या असतील तर पानामागून हलक्या हाताने उघडून काढा आणि सुती दोऱ्याने दोन टाके घाला. डांबराच्या गोळ्या टाकू नका. अंक सपाट, कागदाच्या पाकिटात, घराच्या आतल्या भिंतीच्या कपाटात ठेवा. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं कपाट किती ओल धरतं हे आपल्या गावात सांगायला नको.

स्कॅन करताना रेझोल्यूशन 600 डीपीआय (इंचाला 600 ठिपके) ठेवा. छापील चित्र ठिपक्यांचं बनलेलं असतं. कमी रेझोल्यूशनला त्या ठिपक्यांवर जाळीसारखे पट्टे उमटतात. मोठं स्कॅन करून मग लहान केलं की ते जातात. पानामागे काळा कार्डपेपर ठेवा म्हणजे मागची छपाई पुढे दिसत नाही. कडा कापू नका, समासातलं लिखाण तिथेच असतं.

किमतीबद्दल: विकायला गेलात तर कव्हर नसलेल्या अंकाला फारसं काही येणार नाही. संग्राहक कव्हरलाच पैसे देतात. पण माहिती म्हणून त्याचं मोल वेगळं आहे. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने 2023 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. 2010 च्या आधी तिथे आलेल्या गेम्सपैकी 87 टक्के आज कुठल्याच अधिकृत मार्गाने विकत मिळत नाहीत असं त्यात दिसलं. गेमच मिळत नसतील तर त्याबद्दल छापलेलं हाच पुरावा उरतो. त्याच संस्थेने जानेवारी 2025 मध्ये दीड हजारांहून जास्त गेमिंग मासिकांचे अंक शब्दानुसार शोधता येतील असे खुले केले. तुमच्या अंकातलं एखादं वाक्य तिथे शोधून बघा, मासिक परदेशी असेल तर नावासकट सापडू शकेल. भारतीय असेल तर तो शोध आपल्यालाच घरोघरीच्या माळ्यांवर करायचाय.

स्वतःसाठी आणि दादांसाठी स्कॅन करून ठेवायला हरकत नाही. लेखात समीक्षेसाठी एखाद्या पानाचा फोटो, चार ओळींचं उद्धरण हेही कायद्यात बसतं. अख्खा अंक सार्वजनिक करू नका. लेखांवरचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो, आणि 2003 चे लेखक अजून कामं करतायत.

लिहायला बसण्याआधी दादांशी बोलाल तेव्हा 'हा अंक आठवतो का' असं विचारू नका, 'हो, आठवतो' एवढंच उत्तर येईल. एकेक पान फोनवर पाठवा आणि विचारा: हा गेम तू खेळलास का, कुठल्या मशीनवर, सीडी कुणाकडून आणली, अंक किती जणांत फिरला, कव्हर कुणी फाडलं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा 'भिंतीवर लावलं होतं' असं येतं, आणि मग ते कव्हर कपाटाच्या दाराच्या आत किंवा वहीच्या पुठ्ठ्याखाली सापडतं. त्याच माळ्यावर दादांच्या जुन्या वह्या असतील तर त्या रद्दीत घालण्याआधी एकदा उघडून बघा. आणि चिकटलेल्या पानांच्या कडेचा बाजूच्या उजेडातला एक फोटो इथे टाका. पाणी लागलंय की नुसती ओल, ते त्यावरून सांगता येईल.